शंभर कोनाचे?

वर्गात शिरल्यावर सर मुलांकडे बघत नसत. सरळ फळ्याशी जात, खडूचं टोक फळ्याच्या कडेवर घासून तिरपं करून घेत आणि पाठमोरेच विचारत, "शंभर कोनाचे?"

नवीन मुलं गांगरायची. एखादा भाबडा विचारायचा, "कोनते शंभर, सर?" मग ते वळायचे.

"तलाठी व्हाचं हाये नं तुले? होजो, बाप्पा. सातबाऱ्यावर दुसऱ्याच्याच बापाचं नाव चढवशीन."

वर्ग हसायचा. तो भाबडा मुलगाही हसायचा, कारण न हसून करणार काय?

शेकडेवारीचं अख्खं गणित त्यांनी या दोन शब्दांत बसवलं होतं. टक्के म्हटले, की कशाचे तरी शंभर भाग धरलेले असतात. खरेदीचे, विक्रीचे की नफ्याचे, एवढं कळलं की पुढचं गणित हमाल सोडवतो, असं ते म्हणत. विक्रीकराची उदाहरणं हा त्यांचा खास प्रांत. एखादी वस्तू करासकट एक हजार ऐंशीला विकली, कर आठ टक्के, तर मूळ किंमत किती? दहातली आठ पोरं एक हजार ऐंशीचे आठ टक्के काढून ते वजा करायची. सरांना तेच हवं असायचं. ते शिकाऱ्यासारखे दबा धरून बसत. पोरगं चुकलं, की त्यांच्या डोळ्यांत जो आनंद दिसे, तो तुम्हीही कधीतरी कुणा मास्तरच्या डोळ्यांत पाहिला असेल. बरोबर उत्तरानं तो आनंद त्यांना कधी झाल्याचं मला आठवत नाही.

आमचा स्पर्धा परीक्षांचा क्लास पवनीत एका सिमेंट-लोखंडाच्या दुकानाच्या माडीवर होता. मी मराठी व्याकरण शिकवत असे, ते गणित. शेजारी मिरचीचा सातरा होता. तिथे बाया दिवसभर मिरचीचे देठ खुडायच्या आणि वारा फिरला की अख्खा वर्ग शिंकायचा. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. जिल्हा अर्धा राहिला, आता सरकारी जागाही अर्ध्या निघतील, म्हणून मुलं हवालदिल होती. सर म्हणाले, "जिल्हा तुटला म्हनून रडता काहून? भंडारा अजूनबी शंभर टक्के हाये, अन् गोंदियाबी शंभर टक्के. अर्धे तं तुम्ही होता, ते तुटाच्या आधीपासूनच."

त्यांचे वडील हातमागावर धोतरं विणत. सर वडिलांबद्दल बोलत नसत. घराच्या पुढच्या खोलीत माग तसाच होता, त्यावर त्यांच्या बायकोनं पापडांचे डबे रचले होते. ते बी. एस्सी. झाले, कुठल्याशा शाळेत चार वर्षं विनापगारी राबले, शाळेला अनुदान मिळालं तेव्हा संस्थाचालकाचा जावई त्यांच्या जागी आला. हेसुद्धा त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि लगेच पुढे जोडलं, "चार वर्षाची मेहनत, फळ शून्य. शून्याले कितीनं बी भागा, बाई. उदाहरन चांगलं हाये."

उदाहरन चांगलं हाये. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडे याच दारानं यायची. लग्नाच्या पंगतीत बसले की वाढप्याचा हात किती टक्के आखडला आहे, हे सांगायचे. त्यांच्याच एका भाच्याचं लग्न मोडलं, तेव्हा साखरपुड्याच्या खर्चावर त्यांनी वर्गात तोट्याचं गणित घातलं. विक्रीकर निरीक्षक झालेला त्यांचा एक विद्यार्थी पेढे घेऊन आला, तर आशीर्वादाआधी विचारलं, "पेढ्यावर कर धरला का बे दुकानदारानं? मंग बिल कुठं हाये?" तो बिचारा वाकलेला तसाच राहिला. माणसं त्यांना दिसत होती की नाही, कोण जाणे. उदाहरणं दिसत होती.

आणि तरी क्लास भरलेला असायचा, कारण त्यांनी शिकवलेलं पोरं विसरत नसत. दुखलेलं माणूस विसरत नाही, त्यातलंच तेही असेल.

हेमराज हा आसगावचा मुलगा. बापाचं गावात किराणा दुकान. मुलगा संथ होता, पण मठ्ठ नव्हता. एकदा कळलं की पक्कं कळायचं, फक्त वेळ लागायचा. सरांना तो पहिल्याच आठवड्यात सापडला. "ये, आसगावचे सेठ," म्हणून ते त्याला फळ्याशी बोलवत. तो चुकायचा, वर्ग हसायचा आणि तो खडू जागेवर ठेवून, हात झटकून, शांतपणे बाकावर जायचा.

एका संध्याकाळी क्लास सुटल्यावर तो मागे थांबला. मी उत्तरपत्रिका तपासत कोपऱ्यात बसले होते. तो सरांजवळ गेला आणि खालच्या आवाजात बोलू लागला. विक्रीकराचे साहेब बापाच्या दुकानात आले होते. बापानं कर भरला होता, पण चुकीचा भरला होता. चौथी शिकलेला माणूस. त्याला वाटलं, कर नफ्यावर असतो. जेवढं आपल्या हातात उरलं, त्यातून सरकारला द्यायचं. साहेबांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हटलं होतं.

"सर, बाबा दोन दिवसांपासून जेवला नाही," हेमराज म्हणाला. "त्याले समजावून सांगाचं हाये मले. पन आधी मलेच समजलं पायजे नं."

त्या संध्याकाळचे सर मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. त्यांनी त्याला शेजारी बसवलं. एकही टोमणा न मारता त्याला विक्री म्हणजे काय, नफा म्हणजे काय, कर कशावर लागतो, हे तीन-तीनदा सांगितलं. "तुह्या बापानं लबाडी नाही केली. त्यानं शंभर चुकीचे धरले, बस. हे असंच सांगजो त्याले." निघताना हेमराज त्यांच्या पाया पडला. जिन्यावरून उतरतानाचे त्याचे पाय हलके वाजत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं :

'आसगावातील एका किराणा दुकानदाराने वर्षात पाच लाखांची विक्री केली. विक्रीवर त्याला दहा टक्के नफा झाला. विक्रीकर आठ टक्के होता. दुकानदाराने विक्रीऐवजी नफ्यावर कर भरला. तर त्याने सरकारचे किती टक्के पैसे खाल्ले?'

मी शेजारच्या खोलीत होते. भिंत कसली, प्लायवूडचा पडदाच तो, फटींतून पलीकडचा फळाही दिसायचा. आधी खडूची खरखर ऐकू आली. मग आसगावच्याच कुणीतरी फिसकन हसलं. त्या गावची आणखी तीन पोरं वर्गात होती आणि साहेब कुणाच्या दुकानात आले होते, हे त्यांना माहीत होतं.

"सेठ, उठा," सर म्हणाले. "हे तं तुम्हाले येते. कालच शिकले."

हेमराज उठला. त्यानं ते गणित सोडवलं. कर लागत होता चाळीस हजार, भरला होता चार हजार. उत्तर, नव्वद टक्के. त्या क्लासमध्ये पहिल्यांदाच तो न अडखळता बरोबर आला.

"शाबास!" सर म्हणाले. "पायलं? घरचं उदाहरन असलं की डोकं कसं चालते!"

त्यानं खडू जागेवर ठेवला, हात झटकले, बाकावरून पिशवी उचलली आणि तो गेला. पुन्हा आला नाही.

मी त्याच दिवशी सरांना म्हटलं, "सर, हे बरं नाही झालं. त्यानं विश्वासानं सांगितलं होतं तुम्हाला."

"नाव कुठं घेतलं मी त्याचं?" त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. "अन् बाई, उदाहरन पाहा नं कसं होतं! विक्री, नफा, कर, तिन्ही एकातच. पुस्तकात भेटत नाही असं."

पुढचं मला आसगावहून येणाऱ्या एका मुलीकडून कळत गेलं. उत्तर त्याच संध्याकाळच्या बसनं गावात पोचलं होतं. लोक हेमराजच्या बापाला 'नव्वद टक्के' म्हणू लागले. पोरं दुकानासमोरून पळताना ओरडायची, "नव्वद टक्के, गोळ्या द्या!" मापात कधी खोट न केलेला तो माणूस. एके दिवशी त्यानं तराजू मुलाच्या हातात दिला आणि घरात जाऊन बसला. हेमराज दुकान बघू लागला. त्याची परीक्षा राहिली ती राहिलीच.

वर्षं गेली. विक्रीकर गेला, व्हॅट आला, तोही गेला आणि जीएसटी आला. सर उदाहरणातला शब्द बदलायचे, बाकी गणित तेच. त्यांचे केस गेले, आवाज बसला, पण जीभ शाबूत होती. बायकोला मधुमेह झाला होता. मुलगी नागपूरला दिली होती. क्लासचा पगार हाच काय तो आधार.

मग मालकानं क्लास विकला. खालचं सिमेंटचं दुकान ज्यानं घेतलं, त्यानंच वरची माडीही घेतली. नवा मालक पहिल्या दिवशी वर आला तेव्हा मी त्याला लगेच ओळखलं. अंगानं भरला होता, मनगटावर जाड घड्याळ होतं, पण चालणं तेच, संथ. तो सरळ सरांकडे गेला आणि वाकून पाया पडला.

"सर, तुम्ही कुठं जाऊ नका. तुम्ही हायेत म्हनून क्लास हाये."

सर फुलले. दिवसभर मला सांगत राहिले, "मानूस चांगला हाये, बाई. संस्कार हायेत."

महिन्याभरात वर्गात मोठा पडदा आला. गणित आता पुण्याचा कुणी तरणा मास्तर पडद्यावरून शिकवू लागला. सरांचं काम पडदा चालू करायचं, बंद करायचं आणि मधल्या वेळेत मुलं गप्प बसवायची. वर्गाच्या मागे त्यांना खुर्ची दिली होती. पडद्यावरचा मास्तर विनोद करायचा, पोरं हसायची आणि सर मागून म्हणायचे, "गप बसा बे." ते ऐकून पोरं आणखी हसायची.

मग पडद्याचा खर्च म्हणून पगारात वीस टक्के कपात झाली. फक्त सरांच्या. मी हेमराजला विचारलं, "माझा का नाही कापला?" तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुमचा माझ्याकडं काही हिशेब बाकी नाही."

तेव्हाच मला सगळं कळायला हवं होतं. पण त्याच्या डोक्यात काय शिजतंय, याचा अंदाज मला शिक्षक दिनापर्यंत आला नाही.

त्या दिवशी बाक सरकवून वर्गात सतरंजी टाकली होती. हेमराजनं सरांना शाल घातली, नारळ दिला. मुलांना म्हणाला, "सरांनी किती पोट्टे घडवले, त्याचा हिशेब नाही. मागं नाइलाजानं सरांचा पगार वीस टक्के कमी केला होता. आज मी तो वीस टक्क्यांनी वाढवून राहिलो."

टाळ्या पडल्या. सर हात जोडून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच कृतज्ञता होती. दोन ओळींचं ते गणित त्यांच्या लक्षात आलं नसेल असं नाही, पण आनंदाच्या वेळी माणूस हिशेब करत नाही. सरसुद्धा करत नव्हते, हे मी तेव्हा पाहिलं.

"सर," हेमराज म्हणाला, "पोट्ट्यायले जरा समजावून सांगा नं. आता तुमचा पगार पयल्यापेक्षा किती झाला?"

खालून ट्रकमधून सळ्या उतरवल्याचा आवाज येत होता. सरांनी हेमराजकडे पाहिलं, मग फळ्याकडे. फळा आता पडद्याच्या मागे गेला होता. शाल सावरत त्यांनी पडदा बाजूला केला. खडू शोधावा लागला. एका मुलीनं दिला.

"शंभर कोनाचे?" त्यांनी सवयीनं विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून स्वतःच सांगू लागले. "कमी केले तवा शंभराचे वीस गेले. राहिले ऐंशी. वाढवले ते ऐंशीचे वीस टक्के. म्हंजे सोळा. ऐंशी अन् सोळा, शहान्नव." ते थांबले. "चार टक्के तोटा."

पुढच्या रांगेतला एक जण हसला. मग दोन-तीन. मग सगळे. त्या मुलांना त्यात वाईट काही वाटण्याचं कारण नव्हतं, गंमतच होती ती. हेमराज हसला नाही. तो अगदी हळू म्हणाला,

"उदाहरन चांगलं हाये नं, सर?"

जिना उतरताना सरांनी कठडा घट्ट धरला होता. शाल एका खांद्यावरून लोंबत होती. खाली आल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई, हा माझं बोलनं कसं बोलला? यानं कुठं आयकलं?"

त्यांना आठवत नव्हतं. नव्या मालकाचं नाव, गाव, चेहरा, काहीच त्यांना कुठे लागलं नव्हतं. इतक्या पोरांची इतकी उदाहरणं केली होती, की त्यातलं एक परत आलं, तरी त्यांना ओळखू आलं नाही. मी रस्त्यावर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती संध्याकाळ, दुसरी सकाळ, नव्वद टक्के, गोळ्या, तराजू. ते ऐकत राहिले. मधे एकदाच म्हणाले, "त्याच्या बापाले म्हनत होते असं?"

"हो."

"अन् तुम्ही मले सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं, सर. तुम्ही म्हणाला होतात, लोक असेच असतात."

पुढच्याच रविवारी ते माझ्या दारात आले. धुतलेला सदरा, हातात केळ्यांची पिशवी. "बाई, संगं चला. त्या घरात एकट्यानं जाववत नाही मले."

आसगावला हेमराजचं घर आता पक्कं झालं होतं. हेमराज दुकानाच्या मालासाठी नागपूरला गेला होता. म्हातारा अंगणात बाजेवर बसून जुन्या धानाच्या वाळवणावरची कोंबडी काठीनं हाकत होता. सरांनी नाव सांगितलं, पवनीचा गणिताचा मास्तर म्हणून सांगितलं. म्हाताऱ्यानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि सुनेला हाक मारली.

"खुर्ची आन वं. बाईसाठी."

एकच खुर्ची आली. मी अवघडून बसले. सर उन्हात उभे राहिले.

"मी फळ्यावर तुमचं उदाहरन लिवलं होतं," ते म्हणाले. "चुकलं माझं. तुम्ही लबाड नव्हते. मले माफी पायजे."

"का म्हनता? जोरानं बोला."

सरांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

"माह्या कानाले काही झालं नाही, मास्तर," म्हातारा म्हणाला. "मले तवाच आयकू आलं. हे ज्यायनं आयकाचं, ते तं इथं नाही." आणि तो काठी टेकत कुंपणापर्यंत गेला, शेजाऱ्यांना एकेक करून हाका मारल्या. बाया आल्या, दोन माणसं आली, पिंपाशी भांडी घासणारी एक पोरगी हात पुसत आली. "आता सांगा."

सरांनी सांगितलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी म्हणालं, "जाऊ द्या नं, कवाची गोष्ट." म्हातारा ऐकेना. नंतर आलेल्यांसाठी सरांना ते परत सांगावं लागलं. शेवटी शेजारची एक पार वाकलेली म्हातारी उरली. "हिले आयकू येत नाही," तो म्हणाला. "कानाजवळ जा. हेच सगळ्यायच्या आधी म्हनत होती मले, नव्वद टक्के."

सर गेले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि तिच्या कानात बोलले. म्हातारीनं तोंडाचा आ केला, सरांचा चेहरा न्याहाळला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं,

"कोन मेलं म्हनते हा?"

लोक हसले. सरांच्याही ओठांचा कोपरा हलला, पण हसू पुरतं आलं नाही.

सुनेनं चहा आणला होता, दोन कप. म्हातारा म्हणाला, "बाईले दे." मला तो पिववला नाही. केळी ओट्यावर ठेवून आम्ही निघालो. त्यानं ती नको म्हटलं नाही आणि घेतलीही नाहीत.

बसमध्ये सर खिडकीशी बसले. मग म्हणाले, "त्याच्या घरामागं दोन आंबे हायेत. पायले का, बाई? मोठे हायेत. मले वाटे, त्या मानसाचं नुसतं दुकान असन."

त्यानंतर ते क्लासला आले नाहीत. पडदा मी चालू करू लागले.

उन्हाळ्यात एका सकाळी ते गेले. झोपेतच, असं त्यांची बायको म्हणाली. मी क्लासवर पोचले तेव्हा खालच्या दुकानात हेमराज गिऱ्हाइकाला सिमेंटचा भाव सांगत होता. मी म्हटलं, "आज वर्ग बंद ठेवू या."

"परीक्षा जवळ आली, मॅडम."

"हेमराज, ते आसगावला आले होते. तुझ्या बाबांकडं."

"माहीत हाये. बाबानं नाही सांगितलं. बायकोनं सांगितलं." त्यानं गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं. "किती येळ उभे होते?"

"अर्धा-पाऊण तास. उन्हात."

तो मान हलवत राहिला. "बाबा एक वर्ष घराबाहेर निघाला नव्हता, मॅडम. माझी आई मेली त्या वर्षी. तिच्या मातीलेबी तो आला नाही. लोक दिसतीन म्हनून."

मी वर गेले. पडदा लावला, मुलांना गप्प बसवलं.

दहाच्या सुमाराला रस्त्यावरून रामनामाचा आवाज आला. मुलं खिडकीकडे धावली, मीही गेले. माणसं फार नव्हती. सरांची ताटी वैनगंगेकडे चालली होती. एकेक दुकानदार उठत होता आणि प्रेत पुढे जाईपर्यंत रिवाजाप्रमाणे आपलं शटर अर्धं ओढत होता. हेमराजचं शटर आमच्या बरोबर खाली होतं. ताटी त्याच्यासमोर आली, तरी ते उघडंच होतं. गडी पुढे झाला, तर त्याला हेमराजनं हातानं मागे सारलं. तो स्वतः पायरीवर आला, वर हात करून त्यानं शटरची कड धरली आणि तसाच उभा राहिला. ताटी पुढे गेली, शेवटचा माणूसही गेला. मग त्यानं शटर ओढलं. अर्धं नाही, खाली जमिनीपर्यंत. आणि कुलूप न लावताच, नदीकडे न जाता, उलट्या दिशेनं, आसगावची बस सुटते त्या बसस्टँडकडे चालू लागला.

पाठीमागे पडद्यावरचा मास्तर काहीतरी विनोद करत होता. खिडकीपाशी कुणीच हसलं नाही.